डाव्या बाजूच्या सुरकुत्या

१

शनिवारी सव्वाअकराला निळ्या रंगाला सुरकुत्या पडल्या आणि साडेअकराला मामांची नोकरी गेली.

कारखाना म्हणायचा एवढंच. एक लांबट खोली, तिच्या एका टोकाला प्लास्टिकचा पडदा सोडून केलेली रंगाची जागा, दुसऱ्या टोकाला पोटं उघडी टाकून बसलेले जुने टीव्ही. व्हिडिओ गेमची जुनी मशिनं इथे नवी होऊन जायची. ती उभी, माणसाच्या उंचीची लाकडी कपाटं, ज्यांच्यापुढे उभं राहून एका अख्ख्या पिढीने शाळा बुडवली. मालक तरुण होता आणि रंग मारायचे ते त्याचे सख्खे मामा. वडील गेल्यावर त्याला मामांनीच वाढवलं होतं. त्यामुळे इथला मालक कोण, या प्रश्नाला कागदावर एक उत्तर होतं आणि खोलीत दुसरं. बाकी माणसं दोनच. कपाटांच्या अंगावर चित्रं उमटवायला जाड कागदाचे स्टेन्सिल कापणाऱ्या ताई, आणि वायरी, ट्रान्सफॉर्मर, टीव्हीचे पडदे बघणारा एक गृहस्थ, ज्याला सगळे तारवाला म्हणत.

सुरकुत्या पडल्या ते निळं मशीन दातांच्या एका डॉक्टरांचं होतं. दवाखान्यात मुलं आल्या आल्या रडतात, खेळायला काही असलं तर निदान नंतर रडतील, असा त्यांचा साधा विचार होता.

मामांनी आधी उजवी बाजू मारली, मग डावी. उजवी काचेसारखी बसली. डावी पाच मिनिटं शहाण्यासारखी राहिली, मग तापल्या दुधावर साय धरावी तशी उचलली, आकसली, आणि बघता बघता म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखी झाली. चौघंही समोर उभे राहून बघत होते. करण्यासारखं काही नव्हतंच.

मालक फळीपाशी गेला. "मामा, लॅकरचं थिनर आणि टर्पेंटाइन शेजारी शेजारी ठेवलंय. डबे एकाच आकाराचे. काय घातलंत रंगात?"

"थिनर."

"दिसलं का नीट?"

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे एक मामा सोडून सगळ्यांना मान्य होतं. आज मामा बराच वेळ डब्यांकडे बघत राहिले.

"नसेल दिसलं," ते म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. आता बास, मामा. सोमवारपासून घरी बसा."

मामांनी नाकावरचा मास्क काढला, घडी करून खिशात घातला आणि ते बाहेर पडले. भांडले नाहीत. तीस वर्षांत रंगाच्या शंभर भांडणांत एकदाही हार न मानणारा माणूस एकशे एकाव्याला काही न बोलता निघून गेला, हे ताईंना सुरकुत्यांपेक्षा भयंकर वाटलं.

२

मालकाच्या सासूबाई सोमवारी सकाळी बॅग घेऊन हजर झाल्या. मुलीने फोन केला होता, "आई, मामा दोन दिवस धड जेवलेले नाहीत. आणि हे त्यांच्याशी बोलत नाहीत. एका टेबलाला बसून दोघं भिंतीकडे बघत जेवतात."

सासूबाईंनी रंगाच्या एका कंपनीच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली होती. कुणाच्या भिंतीचे पापुद्रे निघाले, कुणाचं दार महिनाभर चिकटच राहिलं, की यांनी जाऊन ठरवायचं, दोष रंगाचा, रंगाऱ्याचा की घरमालकाचा. अशा चार हजारांवर तक्रारी त्यांनी निकालात काढल्या. त्यांत रंगाचा दोष तेवीस वेळा निघाला, घरमालकाचा शेकड्यांनी, उरलेला सगळा रंगाऱ्याचा. आणि "चूक माझीच" असं म्हणणारा रंगारी एकदाही भेटला नाही.

म्हणून मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून म्हणाले, "विहीणबाई, चूक माझीच असणार," तेव्हा सासूबाईंनी पर्स खाली ठेवली आणि त्या समोर बसल्या.

"असणार म्हणजे? आहे की नाही?"

"पोरगा म्हणतो, आहे."

"पोराचं राहू द्या. काम हातात घेतलंत तिथपासून सांगा."

मामांनी सांगितलं. मंगळवारी थिनरमध्ये बुडवलेला कापूस जुन्या रंगावर ठेवून वीसपर्यंत मोजलं. जुना रंग विरघळून कापसाला लागला, म्हणजे तो लॅकरच होता. ऑइल पेंट असता तर फुगून उठला असता आणि सगळा खरवडावा लागला असता. लॅकरवर लॅकर चालतं, म्हणून पुढचं काम सोपं होतं. घासून प्रायमर मारला. बुधवारी निळ्याचा पहिला हात. गुरुवार, शुक्रवार रंगाला सुट्टी. शनिवारी दुसरा हात.

"मध्ये पॉलिश पेपर मारला?"

"कशाला? लॅकरचा नवा हात जुन्यात विरघळतो, एकजीव होतो. घासायचं कामच नाही."

"बोट लावून बघितलं?"

"बोटाचा तेलकटपणा लागतो. मधल्या दोन दिवसांत कपाटाला कुणी हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. सगळ्यांना पाठ आहे."

"सगळ्यांना?"

"ओरडून पाठ करून घेतलाय."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "शनिवारी रंग फवारायची गन किती वेळा भरलीत?"

"एकदाच. एका भांड्यात दोन्ही बाजू होतात."

"आधी उजवी, मग डावी, आणि मध्ये काही घातलं नाही."

"नाही."

"मामा, रंगात टर्पेंटाइन पडलं असतं तर गनमध्येच दही झालं असतं. आणि ते एकाच भांड्यातलं असताना उजवी बाजू चांगली कशी राहिली?"

दोन दिवस ते स्वतःला दोष देण्यात इतके गुंतले होते की हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

३

"आई, तुम्ही कशाला दगदग केलीत?" मालकाने कारखान्याच्या दारातच विचारलं.

"जावईबापू, निवृत्त बाईला दगदग कुठली? मला एक धारदार पत्ती द्या आणि थोडा कापूस."

सासूबाई मशीनपाशी आधी नुसत्या उभ्या राहिल्या. सुरकुत्या डाव्या बाजूभर होत्या, पण पुढच्या कडेपासून चार बोटांची एक पट्टी वरपासून खालपर्यंत अगदी गुळगुळीत होती. मशीनसमोर खेळायला उभं राहिलं की जेवढं डोळ्यांच्या कोपऱ्यात येईल, नेमकं तेवढंच. त्यांनी चष्मा पुसून ती पट्टी पुन्हा पाहिली, मग पत्तीने सुरकुतलेल्या रंगाचा एक तुकडा उचलला आणि थिनरच्या कापसात गुंडाळून ठेवला.

"घड्याळ कुणाकडे आहे? दोन मिनिटं."

दोन मिनिटांनी कापूस उघडला तेव्हा सगळा निळा रंग त्यात उतरला होता आणि मध्ये उरली होती कांद्याच्या सालीसारखी, पिवळसर, आरपार दिसणारी एक पातळ कातडी. सासूबाईंनी ती पत्तीच्या टोकावर धरून सगळ्यांना दाखवली.

"हे लॅकर नाही. थिनरमध्ये विरघळलं असतं. हे तेलाचं वॉर्निश आहे, रंग नसलेलं. खाली निळा, वर निळा आणि मध्ये हे. तेलाचं काही लॅकरवर लावलं तर ते निमूट बसतं. पण तेलावर लॅकर मारलं की त्यातलं जहाल थिनर खालच्या तेलाला फुगवतं आणि सगळं उचलून धरतं. त्यातून वॉर्निश दोन दिवसांचं कोवळं असलं तर विचारायलाच नको."

"पण ते तिथे आलं कसं?" ताईंनी विचारलं.

"फडक्याने. बुधवारी पहिला हात वाळल्यावर आणि शनिवारच्या आधी. ज्याला माहीत होतं की मामा मध्ये घासणार नाहीत आणि बोटही लावणार नाहीत, अशा कुणीतरी." त्यांनी तिघांकडे बघितलं. "मामांनी डबा चुकवलेला नाही. मला एवढंच सांगा, या खोलीत तेलाचं वॉर्निश कुणाकडे असतं?"

आधी ताईंनी हात वर केला. मग जरा वेळाने तारवाल्यानेही.

४

ताई स्टेन्सिलच्या टेबलापाशीच बोलल्या. बोलताना हातातली सुरी थांबली नाही.

"कागद रंगाने भिजू नये म्हणून वॉर्निश लावते मी, काकू. हा डबा. अर्धा आहे. मागच्या आठवड्यात किती होता विचाराल तर मला माहीत नाही. मी काही त्याच्यावर रेघ मारून ठेवत नाही."

"मामा गेले तर रंगाची गन कुणाकडे येईल?"

"माझ्याकडेच. आणखी आहे कोण? सहा वर्षं मागतेय मी. मामा म्हणतात, आधी हात स्थिर कर. मी केसाएवढ्या रेघा कापते, आणि हात स्थिर कर."

"म्हणजे इच्छा होती."

"इच्छेवर पकडायला लागलात तर घरोघरी जावं लागेल तुम्हाला." ताईंनी कागदातून एक चांदणी अलगद उचलली. "मला गन हवी होती. पण मामांनी हातात द्यायला हवी होती. ते गेल्यावर भिंतीवरून उतरवून घ्यायची, त्यात काय मजा?"

"हे मशीन डॉक्टरांकडे कुठे उभं राहणार आहे?"

"मला काय माहीत? दवाखान्यात."

तारवाल्याची खुर्ची दुसऱ्या टोकाला होती. त्याने ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांवर लावायच्या वॉर्निशची बाटली स्वतःहून पुढे ठेवली.

"तीन आठवडे तुम्ही मामांशी बोलत नाही म्हणे."

"ताईंमार्फत बोलतो. त्यांनी पडदा न ओढता गन चालवली. माझ्या चार बोर्डांवर पिवळे ठिपके आले. मी म्हटलं, मामा, बघून मारा. तर म्हणाले, बघूनच मारतोय."

"राग आला?"

"अजून आहे. पण राग आला की मी रेडिओ मोठा करतो, काकू. लोकांची कपाटं पुसत नाही. आणि लावलंच असतं, तर दोन्ही बाजूंना लावलं असतं. अर्धं काम मला जमत नाही."

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. सासूबाई मात्र सोल्डरिंगच्या धुरात क्षणभर थांबल्या.

"आणि मशीन उभं कुठे राहणार?"

"प्लगजवळ," तारवाला म्हणाला. "मला विचाराल तर सगळं प्लगजवळच उभं राहतं."

मालक पडद्यापाशी येऊन उभा होता. "आई, दोघांपैकी कोण, कळलं का?"

"दोघांपैकी," सासूबाई म्हणाल्या, "असं मी म्हटलं कधी? माझी मागची दाढ दुखतेय. तुमच्या त्या डॉक्टरांचा पत्ता द्या."

५

दाढ खरंच दुखत होती. एका फेरीत दोन कामं होत असतील तर सासूबाई दोन्ही करत.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, मासे नसलेली माशांची टाकी आणि एका कोपऱ्यात जमिनीवर चिकटपट्टीने आखलेला चौकोन होता. चौकोनाची डावी बाजू भिंतीला अगदी चिकटून होती.

"इथेच यायचंय ते," डॉक्टरांनी आत खुर्ची मागे टेकवत सांगितलं. "तुमचे जावई स्वतः येऊन मापं घेऊन गेले. पट्ट्या त्यांनीच मारल्या."

"बरोबर कुणी होतं?"

"एकटेच होते. आ करा."

सासूबाईंनी आ केला. डॉक्टर आरसा फिरवत बोलत राहिले. ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाशी बोलायची सवय त्यांना वीस वर्षांची होती.

"काम चांगलं करतात म्हणे. पण वेळ नाही पाळत. येत्या शुक्रवारी देणार होते. मी मुलांना सांगूनसुद्धा टाकलं. आणि गुरुवारी, म्हणजे गेल्या गुरुवारी, माझा सुट्टीचा दिवस, दुपारी झोपलो होतो, तर फोन. डॉक्टर, एक बाजू पुन्हा रंगवावी लागेलसं दिसतंय, आठवडा द्या. आता आठवडा म्हणजे आठवडाच धरायचा का, सांगा."

सासूबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी काहीतरी विचारलं, पण तोंडात कापसाचे दोन बोळे होते.

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी जोरजोरात मान हलवली. गुरुवारी त्या बाजूला एकही सुरकुती नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मामांना बरोबर घेऊनच कारखान्यात आल्या. गालाची एक बाजू सुजली होती, त्यामुळे त्या नेहमीपेक्षा कमी बोलल्या.

"ज्याचा मामांवर राग असेल," त्यांनी सुरुवात केली, "तो दोन्ही बाजू बिघडवेल. समोरचं दार बिघडवेल. इथे एकच बाजू बिघडली. तीही कुठली, तर दवाखान्यात भिंतीला लागणारी. दुरुस्ती थोडी कमीजास्त झाली तरी कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी. आणि तिच्यातही पुढची चार बोटं सोडली. एवढी काटकसर शत्रू करत नाही. पुढे ज्याला स्वतःला हे निस्तरायचं असतं तो करतो."

तारवाल्याने रेडिओ बंद केला.

"मशीन कुठे उभं राहणार हे ताईंना माहीत नाही, यांनाही नाही. मापं घ्यायला एकच माणूस गेला होता. आणि त्याच माणसाने गुरुवारी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की एक बाजू पुन्हा रंगवावी लागेल. शनिवारी होणारा बिघाड गुरुवारी. जावईबापू, हा फोन तुम्ही केलात?"

मालकाने ताईंकडे बघितलं, मग जमिनीकडे. "डॉक्टरांच्या ऐकण्यात काहीतरी... मी टीव्हीच्या पडद्याचं म्हणालो असेन. पडदा यायचा होता."

"पडदा मंगळवारीच आला," तारवाला म्हणाला. "तुम्ही समोर होतात."

मालक स्टुलावर बसला.

"बुधवारी सगळे गेल्यावर लावलं," तो म्हणाला. "ताईंच्या डब्यातलं. आई, तुम्हाला माहीत नाही. चैत्रात मामांनी लाल म्हणून केशरी मारला. मी रविवारी येऊन परत मारून घेतला. त्याआधी एका मशीनला ओघळ आले, तेही मीच घासले. सहा वेळा. दोन वर्षांपूर्वी नुसतं म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला, तर महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. मी यांना कसं सांगणार होतो, की तुम्ही घरी बसा? यांनी मला सायकल शिकवली."

"म्हणून जे तोंडाने सांगायचं ते वॉर्निशने सांगितलंत," सासूबाई म्हणाल्या.

मामा आतापर्यंत दारापाशीच उभे होते. ते सावकाश मशीनपर्यंत आले. भाच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तू मला काढलंस, त्याचं काही नाही. मालक आहेस," ते म्हणाले. "पण जी चूक मी केली नव्हती ती तू माझ्याकडून कबूल करून घेतलीस. शनिवारपासून मी घरात पाण्याचा पेला उचलतानासुद्धा विचार करतोय, हे पाणीच आहे ना."

मालकाने मान खाली घातली.

"खाली बघू नकोस. दोन वर्षं जे गिळून बसलायस ते बोल. यांच्यासमोर बोल. शनिवारी यांच्यासमोरच बोललास ना?"

"मामा..."

"बोल."

"तुम्हाला दिसत नाही, मामा. तुम्ही आता गन धरू नका."

मामा डाव्या बाजूपाशी वाकले. नाक जवळजवळ सुरकुत्यांना टेकलं. मग ते तसेच उजव्या बाजूला गेले, परत आले.

"वॉर्निश लावलेली बाजू चमकत असणार," ते म्हणाले. "शनिवारी मी तिच्यापुढे दहा मिनिटं उभा होतो. पूर्वी मला हे रस्त्यावरून दिसलं असतं." त्यांनी भिंतीवरची गन उतरवली, तिचं तोंड फडक्याने पुसलं. "खरं आहे तुझं."

सासूबाईंना तक्रारीचा निकाल लावल्यावर लगेच निघायची सवय होती. त्या निघाल्या नाहीत.

"ताई, घे," मामा म्हणाले.

ताईंनी सुरी खाली ठेवायला जरा वेळ लावला. गन घेतली तेव्हा त्यांचा हात अजिबात स्थिर नव्हता.

"ऑपरेशन करून घ्या, मामा," मालक घाईघाईने म्हणाला. "महिन्याभराने गन परत तुमच्याच हातात."

"ती देईल का ते तिला विचार."

"नाही देणार," ताई म्हणाल्या.

मामा पहिल्यांदा हसले. मग त्यांनी फळीवरून खरवडायची पत्ती काढली आणि भाच्याच्या हातात दिली. "डावी बाजू. पार लाकडापर्यंत. वॉर्निशचा ठिपका राहिला तर तिथेच पुन्हा उचलेल. मग स्पिरिटमधल्या लाखेचा एक हात, वाळू द्यायचा. लाखेचं दोघांशीही पटतं, तेलाशीही आणि लॅकरशीही. मग प्रायमर, मग निळा. डॉक्टरांना सांगितलेला आठवडा पुरेल. तो तेवढा तू बरोबर धरला होतास."

मालकाने बाह्या वर केल्या आणि पत्ती टेकवली. निळी साल वळत वळत त्याच्या बुटांवर पडू लागली. थोड्या वेळाने त्याने मागे न बघता विचारलं, "मामा, उद्या तुम्ही..."

"उद्या दहाला येईन," मामा म्हणाले. "आजवर नऊला येत होतो. निवृत्त माणसाने नऊला यायचं काही कारण नाही."